पावती क्रमांक ४१ नंतर थेट ४४ कसा? डेटाबेसचा काउंटर आणि तो ‘रिसेट’ करायची घाई

सॉफ्टवेअर वापरणाऱ्या संस्थेत हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. सोसायटीच्या वार्षिक सभेत एखादे काका पावत्यांची यादी हातात घेऊन उभे राहतात. “४१ नंतर एकदम ४४? ४२ आणि ४३ कुठे गेल्या?” खजिनदार सॉफ्टवेअरवाल्याकडे बघतात, तो म्हणतो “सिस्टिमने स्किप केलं असेल”, आणि निम्म्या सभेच्या मनात जो संशय बसतो तो बसतोच.

दुसरी तक्रार याच्या अगदी उलट असते. जुन्या सॉफ्टवेअरमधला सगळा डेटा नव्यात आणला, जुन्या नोंदी नीट दिसतायत, पण नवी नोंद टाकायला गेलं की ‘डुप्लिकेट की’ असा लाल अक्षरांतला एरर येतो. नवी नोंद डुप्लिकेट कशी असेल, हे कोणालाच कळत नाही.

दोन्हीकडे उपाय म्हणून एकच वाक्य ऐकू येतं: “काउंटर रिसेट करून टाका.” पहिल्या तक्रारीत ते करायचंच नसतं. दुसरीत केल्याशिवाय गत्यंतर नसतं, आणि तेही एकाच दिशेने.

आधी दोन शब्दांची ओळख

रिलेशनल डेटाबेस म्हणजे एकमेकांशी जोडलेली टेबलं: सभासदांचं एक, पावत्यांचं एक, सदनिकांचं एक. टेबलातली प्रत्येक ओळ नेमकी ओळखता यावी म्हणून एक कॉलम असा ठेवतात, की त्यातली किंमत दोनदा येणार नाही आणि रिकामीही राहणार नाही. ही प्रायमरी की. तिथे नाव चालत नाही, एकाच इमारतीत चार पाटील असतात. मोबाईल नंबर लोक बदलतात. म्हणून सरळ एक बिनअर्थाचा क्रमांक देऊन टाकतात. मग पावत्यांच्या टेबलात ‘ही पावती सभासद ३१२ ची’ एवढंच लिहिलेलं असतं. दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा असा हवाला देणाऱ्या कॉलमला फॉरेन की म्हणतात.

हा क्रमांक माणसाने टाइप करायचा नसतो, डेटाबेस स्वतःच पुढचा देतो. पोस्टग्रेस आणि ओरॅकल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये या सोयीला सिक्वेन्स म्हणतात, मायएसक्यूएलमध्ये ऑटो-इन्क्रिमेंट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये आयडेंटिटी. तपशिलात फरक आहेत, ते लागतील तसे सांगतो. एरवी मी सरसकट ‘काउंटर’ म्हणणार आहे.

काउंटर टेबलाकडे बघत नाही

बँकेत दाराशी टोकनचं मशीन असतं. बटण दाबलं की पुढचा नंबर छापून येतो. बाकड्यावर कोण बसलंय, कोण कंटाळून घरी गेलं, याची मशीनला खबर नसते. तुम्ही टोकन घेऊन न थांबता निघून गेलात, तरी तुमचा नंबर ते मागून येणाऱ्याला देत नाही. आणि शिपायाने चिठ्ठीवर हाताने ‘५०’ लिहून कोणाला आत बसवलं, तर मशीनला त्याचाही पत्ता नसतो. ते आपलं ४९ नंतर ५० छापणारच.

डेटाबेसचा काउंटर असाच टेबलापासून सुटा असतो. पोस्टग्रेसमध्ये तर शब्दशः. तिथे सिक्वेन्स ही स्वतंत्र वस्तू असते आणि तिच्यात मुख्यतः शेवटचा दिलेला आकडा आणि ‘हा आकडा वापरला गेलाय का’ अशी एक खूण साठवलेली असते. टेबलातल्या कॉलमवर फक्त एवढंच लिहिलेलं असतं, की किंमत दिली नसेल तर या सिक्वेन्सकडून मागून घे. तुम्ही किंमत स्वतःहून दिलीत, तर सिक्वेन्सला कोणी विचारत नाही आणि सांगतही नाही.

मायएसक्यूएल इथे जरा शहाणपणाने वागतं. तुम्ही हाताने ५००० हा क्रमांक घातलात, तर त्याचा काउंटर आपण होऊन ५००१ वर जातो. एसक्यूएल सर्व्हरही हाताने घातलेली मोठी किंमत लक्षात घेतो. त्यामुळे वर सांगितलेली दुसरी तक्रार प्रामुख्याने पोस्टग्रेसवाल्यांची आणि सिक्वेन्स वापरणाऱ्या ओरॅकलवाल्यांची.

काउंटर आपल्याला एकच हमी देतो: एकदा दिलेला नंबर मी पुन्हा देणार नाही. नंबर सलग येतील, वेळेच्या क्रमाने येतील, किंवा जेवढे नंबर तेवढ्या ओळी असतील, असं त्याने कधीच कबूल केलेलं नसतं. ते आपण गृहीत धरलेलं असतं.

मग ४२ आणि ४३ गेल्या कुठे?

डेटाबेसमध्ये एकमेकांवर अवलंबून असलेली कामं एका गठ्ठ्यात करतात. पावती नोंदवायची, सभासदाची बाकी कमी करायची, खातेवहीत जमा दाखवायची. तिन्ही झाली तर पक्की, एक फसलं तर तिन्ही रद्द. या गठ्ठ्याला ट्रान्झॅक्शन आणि रद्द करण्याला रोलबॅक म्हणतात.

समजा एका कारकुनाने पावती नोंदवायला घेतली. काउंटरने ४२ दिला. पुढच्या पायरीत लक्षात आलं की हाच चेक क्रमांक आधी नोंदवलेला आहे, म्हणून सगळं रोलबॅक झालं. आता ४२ परत का देत नाहीत? कारण दरम्यान शेजारच्या कारकुनाने ४३ घेतला असू शकतो. ४२ परत मिळवायचा, तर पहिल्याचं काय होतंय ते कळेपर्यंत दुसऱ्याला थांबवून ठेवावं लागेल, त्याच्यामागे तिसऱ्याला, आणि भर महिन्याच्या सुरुवातीला सगळं ऑफिस एका चेकपायी अडकेल. हे टाळण्यासाठी काउंटर मुद्दामच रोलबॅकच्या बाहेर ठेवलेला आहे. बाकी सगळं मागे फिरतं, नंबर फिरत नाही.

नंबर गळण्याच्या इतरही वाटा आहेत. वेग यावा म्हणून डेटाबेस थोडे नंबर आगाऊ बाजूला काढून ठेवतात. ओरॅकल मुळात एका वेळी २० नंबर मेमरीत घेऊन बसतं. पोस्टग्रेस डिस्कवर ३२ नंबर पुढचं लिहून ठेवतं, त्यामुळे वीज जाऊन सर्व्हर कोसळला की तेवढी उडी दिसू शकते. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीपासून तर अचानक बंद पडून सुरू झालं, की साध्या पूर्णांकाच्या कॉलममध्ये नंबर एकदम हजाराने पुढे गेलेला दिसतो. पावती ४१ नंतर १०४१ दिसली तर कोणाचंही धाबं दणाणेल, पण कारण एवढंच असतं.

सगळ्यात जास्त नंबर खाणारा प्रकार मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. ‘नसेल तर घाल, असेल तर सोडून दे’ अशी कमांड असते. तीत नंबर आधी घेतला जातो आणि ओळ आहे की नाही ते नंतर बघितलं जातं. रोज रात्री दहा हजार ओळींची फाइल अशी ‘सिंक’ करणारा प्रोग्रॅम असेल आणि त्यात नव्या ओळी दहाच असतील, तरी पोस्टग्रेसचा काउंटर दहा हजारांनी पुढे जातो.

तेव्हा नंबर गळणं हा अफरातफरीचा पुरावा नव्हे. पण उलट बाजूही तितकीच खरी: ‘सिस्टिमने स्किप केलं’ हा निर्दोषपणाचाही पुरावा होत नाही. पावती नोंदवून नंतर डिलीट केली तरी खिंडार अगदी तसंच दिसतं. काकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर प्रायमरी कीमध्ये शोधणं चूक आहे, आणि त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. ती पुढे येतेच.

काउंटर मागे पडतो तेव्हा

आता दुसरी तक्रार. एका पतसंस्थेची सभासद यादी एक्सेलमधून पोस्टग्रेसमध्ये आणायची आहे असं धरू. जुने क्रमांक लोकांच्या पासबुकावर छापलेले आहेत, म्हणून तेच ठेवायचे ठरलं आणि क्रमांकाचा कॉलमही फाइलमधूनच भरला. शेवटचा क्रमांक ८१२. मधले ७ आणि १९ नाहीत, ते सभासद पूर्वीच राजीनामा देऊन गेलेले. इम्पोर्ट बिनबोभाट झाला. काउंटरला यातलं काहीच माहीत नाही. त्याच्या हिशेबाने अजून एकही नंबर गेलेला नाही.

सोमवारी पहिला नवा सभासद आला. काउंटरने १ दिला. १ आधीच आहे, म्हणून ‘डुप्लिकेट की’. कारकुनाने पुन्हा बटण दाबलं. फसलेला नंबर परत येत नाही हे आपण पाहिलंच, त्यामुळे आता २ आला आणि तोही आपटला. मग ३, ४, ५, ६. सातव्यांदा दाबल्यावर नोंद झाली! कारण ७ रिकामा होता. कारकून खूश. पुढचा सभासद आला की ८ पासून पुन्हा तेच.

आता सपोर्टला फोन जातो तो “कधी होतं, कधी होत नाही” असा. समोरचा माणूस नेटवर्क तपासायला सांगतो, ब्राउझर बदलायला सांगतो, आणि त्यात अर्धा दिवस जातो. दरम्यान नव्या माणसाला जुन्या सातव्या सभासदाचा क्रमांक मिळालेला असतो. जुन्या पावत्यांच्या टेबलात ‘सभासद ७’ च्या नोंदी शिल्लक असतील, तर त्या मुकाट्याने या नव्या माणसाच्या खात्यावर दिसायला लागतात. एरर देणाऱ्या सहा प्रयत्नांनी काहीच बिघडवलं नव्हतं, बिघडवलं ते यशस्वी झालेल्या सातव्याने.

गंमत म्हणजे हा रोग आपोआप बराही होतो. काउंटर ८१२ च्या पुढे गेला की सगळं सुरळीत. गर्दीच्या सिस्टिममध्ये तो काही मिनिटांत तिथे पोचतो, लोक ‘सकाळी थोडा प्रॉब्लेम होता’ म्हणून विसरून जातात, आणि खिंडारांत जाऊन बसलेल्या चुकीच्या ओळी वर्षभराने ऑडिटमध्ये सापडतात.

एक्सेल किंवा सीएसव्हीतून इम्पोर्ट हे सगळ्यात नेहमीचं कारण. दुसरं, खऱ्या डेटाबेसमधलं एकच टेबल उचलून टेस्टमध्ये टाकणं. तिसरं, प्रोग्रॅमरने सुरुवातीचा डेटा भरताना स्क्रिप्टमध्ये क्रमांक हाताने लिहिणं. पोस्टग्रेसचा नेहमीचा पूर्ण बॅकअप मात्र काउंटरचा आकडाही सोबत नेतो, त्यामुळे तो रिस्टोअर केल्यावर ही अडचण येत नाही. फसायला होतं ते लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे एका सर्व्हरवरचे बदल दुसऱ्यावर सतत पाठवत राहण्याच्या पद्धतीत. त्यातून ओळी जातात, पण आज वापरात असलेल्या बहुतेक आवृत्त्यांत सिक्वेन्सचा आकडा जात नाही. नव्या आवृत्तीवर उडी मारताना लोक हीच पद्धत वापरतात, रात्री दोन वाजता सगळं नव्या सर्व्हरवर वळवतात, आणि पहिल्याच नोंदीला लाल एरर.

दुरुस्ती छोटी, खाचाखोचा बऱ्याच

उपाय एका ओळीचा आहे. टेबलातला सगळ्यात मोठा क्रमांक शोधायचा आणि काउंटर त्याच्या पुढे नेऊन ठेवायचा. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी ‘सेटव्हॅल’ नावाचं फंक्शन आहे. त्याला ८१२ दिले की पुढचा नंबर ८१३ येतो.

पहिली खाच नावाची. सिक्वेन्सचं नाव सहसा टेबल, कॉलम आणि शेवटी ‘सेक’ असं बनतं, म्हणून लोक ते अंदाजाने टाइप करतात. पण टेबलाचं नाव मागे कधी बदललं असेल, तर सिक्वेन्स जुन्याच नावाने बसलेला असतो. या कॉलमचा सिक्वेन्स कोणता, हे सांगणारं ‘पीजी गेट सीरियल सिक्वेन्स’ हे फंक्शन पोस्टग्रेसमध्येच आहे. त्यालाच विचारावं.

दुसरी खाच रिकाम्या टेबलाची. पन्नास टेबलांवर एकच स्क्रिप्ट फिरवताना एखादं रिकामं निघतं. तिथे ‘सगळ्यात मोठा क्रमांक’ म्हणून काहीच मिळत नाही, आणि ‘काहीच नाही’ हे उत्तर सेटव्हॅलला दिलं तर ते काही न करता, काही न बोलता परत येतं. शून्य दिलं तर एरर, कारण सिक्वेन्सची किमान किंमत मुळात १ असते. यावर उपाय असा, की मोठ्या क्रमांकात, आणि तो नसेल तर शून्यात, एक मिळवायचा आणि सेटव्हॅलच्या तिसऱ्या जागी ‘फॉल्स’ लिहायचं. त्याचा अर्थ ‘हा आकडा अजून दिलेला नाही, पुढच्याला हाच दे’. भरलेल्या आणि रिकाम्या, दोन्ही टेबलांना ही एकच ओळ चालते.

तिसरी खाच वेळेची, आणि ती खरी धोक्याची. तुम्ही सगळ्यात मोठा क्रमांक वाचलात, आणि काउंटर सरकवायच्या आत दुसऱ्या कोणी नव्या ओळी घातल्या, तर तुम्ही वाचलेला आकडा शिळा झाला. तो बसवून तुम्हीच काउंटर मागे नेता. काम बंद ठेवून करा, नाहीतर तेवढ्यापुरतं टेबल लॉक करा. आणि सेटव्हॅलही रोलबॅकच्या बाहेर असतं. ‘ट्रान्झॅक्शनमध्ये करून बघतो, चुकलं तर मागे घेतो’ हा भरवसा इथे चालत नाही.

मायएसक्यूएलमध्ये टेबलाचा ऑटो-इन्क्रिमेंट आकडा बदलता येतो, पण असलेल्या मोठ्या क्रमांकापेक्षा लहान आकडा मागितलात तर इनोडीबी (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं नेहमीचं इंजिन) तो गुपचूप ‘मोठा अधिक एक’ करून टाकतं. पोस्टग्रेस अशी अडवणूक करत नाही. तुम्ही मागे जा म्हणालात, ते मागे जातं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘चेकआयडेंट’ची कमांड आहे आणि तिची खोड अशी, की टेबलात कधीच ओळ पडली नसेल किंवा ते नुकतंच ट्रंकेट केलेलं, म्हणजे एका झटक्यात रिकामं केलेलं असेल, तर दिलेला आकडाच पहिल्या ओळीला मिळतो. नुसतं डिलीट करून रिकामं केलं असेल, तर त्याच्या पुढचा मिळतो. १ द्यायला जाता आणि पहिली ओळ २ ने सुरू होते, ते यामुळे.

“टेस्टिंगचा कचरा काढलाय, मला १ पासूनच हवंय”

ही मागणी रास्त आहे आणि ती पुरी करायला हरकत नाही, फक्त सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात येण्याआधी. ओळी नुसत्या डिलीट केल्या तर कुठल्याच मोठ्या डेटाबेसमध्ये काउंटर मागे येत नाही. टेबल एका झटक्यात रिकामं करणारी ‘ट्रंकेट’ ही वेगळी कमांड आहे. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर तिच्यासोबत काउंटरही सुरुवातीला नेतात. पोस्टग्रेस नेत नाही. तिथे ‘रिस्टार्ट आयडेंटिटी’ असं वेगळं सांगावं लागतं, आणि हे माहीत नसलेले लोक पुन्हापुन्हा ट्रंकेट करून वैतागतात.

कसोटी सोपी ठेवावी. त्या टेबलातला एकही नंबर ऑफिसच्या बाहेर गेलेला नसेल, म्हणजे कागदावर छापलेला, ईमेलने गेलेला, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकमध्ये असलेला किंवा दुसऱ्या सिस्टिमने साठवलेला नसेल, तर खुशाल १ पासून सुरू करा. एक जरी गेला असेल तर राहू द्या.

“मधल्या रिकाम्या जागा भरून घेऊ, नंबर सलग दिसतील”

नको. जुना नंबर नव्या ओळीला देणं म्हणजे वर सांगितलेला सातवा सभासद मुद्दाम तयार करणं. हे किती महागात पडू शकतं, याचं उदाहरण मायएसक्यूएलच्याच इतिहासात आहे.

मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन पूर्वी काउंटर फक्त मेमरीत ठेवायचं. सर्व्हर बंद करून चालू केला की ते टेबलात बघायचं आणि ‘सगळ्यात मोठा अधिक एक’ पासून सुरू करायचं. वरवर पाहता बिनचूक वाटतं. पण समजा, शेवटची ऑर्डर ५०० होती, ती डिलीट झाली आणि रात्री सर्व्हर रिस्टार्ट झाला. सकाळची पहिली ऑर्डर पुन्हा ५००. ज्याची रद्द झाली त्याच्या ईमेलमधली लिंक उघडली की दुसऱ्याचीच ऑर्डर. जुन्या ओळी हलवून वेगळ्या संग्रह-टेबलात ठेवणाऱ्यांची तर आणखी पंचाईत. मूळ टेबल रिकामं, रिस्टार्ट, काउंटर १ वर, आणि पुढच्या वेळी हलवायला गेलं की संग्रहात तोच नंबर आधीपासून बसलेला.

याची तक्रार २००३ मध्ये नोंदवली गेली, बग क्रमांक १९९. दुरुस्ती आली ती ८.० या आवृत्तीत, २०१८ साली. तेव्हापासून काउंटर डिस्कवर लिहिला जातो. मधल्या पंधरा वर्षांत त्या बगच्या पानाचं लोकांनी चेष्टेचं ठिकाण करून ठेवलं होतं. मोबाईल ॲपमध्ये सर्रास असणारं एसक्यूलाइट आजही मुळात ‘सगळ्यात मोठा अधिक एक’ असंच करतं. तिथे नंबर पुन्हा वापरायचा नसेल, तर टेबल बनवतानाच ‘ऑटोइन्क्रिमेंट’ असं स्पष्ट लिहावं लागतं.

“असे वाया घालवले तर नंबर संपतील ना?”

संपू शकतात, पण खिंडारांमुळे सहसा नाही. कॉलमचा प्रकार लहान निवडल्यामुळे. साधा पूर्णांक चार बाइटचा असतो आणि त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. दोनशे चौदा कोटी म्हणजे पतसंस्थेला जन्मभर पुरतील. पण सेकंदाला शंभर नोंदी करणाऱ्या सिस्टिमला ते आठ महिन्यांत अपुरे पडतात. स्लॅशडॉट या संकेतस्थळावर २००६ मध्ये प्रतिक्रियांचा क्रमांक १,६७,७७,२१६ च्या मर्यादेला जाऊन थडकला, कारण मूळ प्रतिक्रियेचा हवाला ठेवणारी जागा तीन बाइटचीच राहिली होती. बेसकॅम्प या कामांचं नियोजन करायच्या ऑनलाइन सेवेला नोव्हेंबर २०१८ मध्ये चार बाइटच्या मर्यादेचा फटका बसला. घडामोडी नोंदवणाऱ्या टेबलाचे क्रमांक संपले आणि जवळपास पाच तास ग्राहकांना जुनं नुसतं वाचता येत होतं, नवं काही लिहिता येत नव्हतं.

आठ बाइटचा ‘बिगइंट’ घेतला तर मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७. सेकंदाला एक लाख नंबर जाळले तरी एकोणतीस लाख वर्षं पुरतात. नवं टेबल बनवताना चार बाइट वाचवण्यात शहाणपण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जुनं बदलत असाल तर पोस्टग्रेसमधली एक चोरवाट लक्षात ठेवा. आवृत्ती १० पासून ‘सीरियल’ कॉलमसोबत बनलेला सिक्वेन्सही चार बाइटचाच असतो. कॉलम बिगइंट केला तरी तो तसाच राहतो आणि २१४ कोटींवर अडतो. त्या क्रमांकाचा हवाला देणारी दुसऱ्या टेबलांतली कॉलमंही वेगळी बदलावी लागतात.

मग बिलाला सलग नंबर आणायचा कुठून?

ही गरज खरी आहे आणि ती नुसती हौस नाही. केंद्रीय जीएसटी नियम २०१७ मधला नियम ४६ सांगतो, की कर बीजकावर सलग अनुक्रमांक हवा, तो सोळा अक्षरांहून मोठा नको आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा. एकापेक्षा जास्त मालिका चालतात, आणि अक्षरं, आकडे, आडवी व तिरकी रेघ वापरता येते. शिवाय जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या तेराव्या तक्त्यात प्रत्येक मालिकेचा पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक, एकूण किती आणि रद्द किती, हे भरावं लागतं. तिथे ‘पोस्टग्रेसने बत्तीस पुढचे लिहून ठेवले होते’ हे कारण कोणाला सांगणार?

आणि यातूनच दर ३१ मार्चला फोन येतात: “उद्यापासून बिल १ पासून सुरू करायचंय, सिक्वेन्स रिसेट करा.” प्रायमरी कीच बिलावर छापत असाल, तर ते शक्यच नाही. गेल्या वर्षीचं बिल १ टेबलात बसलेलं आहे.

बिल क्रमांकाचा कॉलम प्रायमरी कीपेक्षा वेगळाच ठेवायला हवा. त्यासाठी एक छोटं टेबल पुरतं, ज्यात मालिका, आर्थिक वर्ष आणि शेवटचा दिलेला क्रमांक एवढंच असतं. बिल पक्कं करताना, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, त्या ओळीतला आकडा एकाने वाढवायचा आणि तोच बिलावर घालायचा. हा आकडा साध्या टेबलातला असल्याने रोलबॅक त्याला लागू पडतो. बिल फसलं तर आकडाही मागे येतो, खिंडार राहत नाही. किंमत काय? ती ओळ एकाच्या हातात असेपर्यंत बाकीचे थांबतात. औषधाच्या दुकानात तिघेजण एकाच वेळी बिलं करत असले तरी ही थांबणूक कोणाला जाणवत नाही, मात्र नंबर अगदी शेवटच्या पायरीला घ्यायला हवा. ग्राहकाचं नाव टाइप करण्याआधीच नंबर घेऊन ठेवणारी सॉफ्टवेअरं मी पाहिली आहेत. तिथे एकजण चहाला गेला की दुकान ठप्प. वर्ष, मालिका आणि क्रमांक या तिघांच्या जोडीवर ‘एकमेव असावं’ अशी अटही डेटाबेसला घालून ठेवावी, म्हणजे प्रोग्रॅम चुकला तरी तो अडवेल.

१ एप्रिलला रिसेट करायला काहीच उरत नाही. नव्या वर्षाची नवी ओळ तयार होते आणि शून्यापासून मोजायला लागते. जुन्या वर्षाची ओळ जागेवरच असते, त्यामुळे ३१ मार्चचं राहिलेलं बिल २ एप्रिलला टाकायची वेळ आली तरी त्याला जुन्या वर्षाचा पुढचा नंबर मिळतो. दोन अक्षरी शाखा-कोड, वर्ष ‘२५-२६’ आणि पाच आकडी क्रमांक, मधे दोन तिरक्या रेघा धरून चौदा अक्षरं होतात. सोळाच्या मर्यादेत सहज बसतं. चुकलेलं बिल डिलीट करायचं नाही, ‘रद्द’ असा शिक्का मारून ठेवायचं. सोसायटीच्या पावत्यांनाही हीच पद्धत लावली, तर ४२ आणि ४३ दोन्ही यादीत दिसतील, त्यांच्यापुढे ‘रद्द’ असेल, आणि कोणी व कधी रद्द केल्या तेही.

नंबर बाहेर दिसला की काय काय कळतं

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांचे अनुक्रमांक मांडून महिन्याचं उत्पादन किती असेल याचा अंदाज बांधला. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा अंदाज होता १५५०, संख्याशास्त्रज्ञांचा ३२७. युद्धानंतर जर्मन नोंदी मिळाल्या, त्यात आकडा निघाला ३४२. तुमच्या वेबसाइटवर महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी एकेक ऑर्डर देणाऱ्या स्पर्धकाला तर एवढं गणितही करावं लागत नाही. दोन ऑर्डर क्रमांकांची वजाबाकी केली, की महिन्याभरात जास्तीत जास्त किती ऑर्डर आल्या ते त्याला कळतं. लिंकमधल्या ५०० च्या जागी ५०१ टाकून दुसऱ्याची पावती दिसत असेल, तर दोष परवानगी न तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. पण सलग नंबर अंदाज करणं फुकट करून देतो.

म्हणून काहीजण प्रायमरी की म्हणून यूयूआयडी वापरतात: १२८ बिटांचा, कुठल्याही काउंटरशिवाय जागच्या जागी तयार होणारा क्रमांक. पूर्वी सर्रास वापरले जाणारे यादृच्छिक असायचे आणि मोठ्या टेबलाचा इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, विस्कटायचे. मे २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या सातव्या प्रकारात सुरुवातीलाच वेळ असते, त्यामुळे नव्या नोंदी ओळीने एकामागे एक बसतात, आणि पोस्टग्रेस १८ मध्ये तो बनवायचं फंक्शन अंगचंच आहे. काउंटरच नाही म्हटल्यावर रिसेटची भानगड मिटते. पण छत्तीस अक्षरांचा सभासद क्रमांक फोनवर कोणाला सांगून बघा. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आत जोडणीसाठी साधा वाढता क्रमांक, लिंकमध्ये यूयूआयडी आणि कागदावर वेगळा बिल क्रमांक अशी व्यवस्था करतात. टेबलात दोन कॉलम वाढतात, एवढाच काय तो खर्च.